वाचनालय नवं होत होतं तेव्हा

वाचनालयात बोलायला मनाई असते. त्यामुळं माणसं आत गप्प बसतात आणि दारापाशी येऊन बोलतात. माझं टेबल नेमकं दारापाशी होतं. शहरातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात मी नोकरीची सगळी वर्षं काढली, आधी सहायक म्हणून, मग ग्रंथपाल म्हणून. किस्से गोळा करायला मी कुठं गेले नाही. ते आपणहून टेबलापाशी येऊन उभे राहायचे, पुस्तक बदलायचे आणि निघून जायचे. आता मैत्रिणी म्हणतात, "लिहून काढ गं, नाहीतर विसरशील!" तर हे त्यातले थोडे. सगळे त्या काळातले, जेव्हा आमच्या मंडळानं ठरवलं की लोकांचं वाचन बदललंय, आता आपणही बदलायचं.

*

सुरुवात कॉम्प्युटरनं झाली.

आमच्याकडे गफूरभाई नावाचे शिपाई होते. शाळा उर्दूतून झालेली. मराठी ते शिकले पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचून. कोणतं पुस्तक कुठं आहे हे त्यांना रंगावरून पाठ असायचं. "वो हरा वाला? ऊपर से तिसरी फळी, कोपऱ्यात."

सगळ्या पुस्तकांची नावं कॉम्प्युटरात घालायला आम्हाला कितीतरी महिने लागले. मग कार्यवाह देशमुख सरांनी छोटासा समारंभ ठेवला. पाहुण्यांना म्हणाले, "कोणत्याही पुस्तकाचं नाव सांगा, एका क्षणात पत्ता लागेल!"

पाहुण्यांनी वेरूळच्या लेण्यांवरच्या एका जाडजूड पुस्तकाचं नाव सांगितलं. मी टाईप केलं. पडद्यावर आलं: उपलब्ध, कपाट सात. टाळ्या!

"गफूरभाई, घेऊन या," सर म्हणाले.

गफूरभाई जागचे हलले नाहीत. हळूच म्हणाले, पण हॉलमध्ये इतकी शांतता होती की शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.

"कपाट सात में नक्को ढूंडो साहब. वो किताब आपकेच घर में है. दिवाली से."

या वेळी टाळ्या जास्त वाजल्या.

*

पूर्वी आमच्याकडे वाचकांना आत प्रवेश नव्हता. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं, पुस्तक आम्ही आतून आणून द्यायचो. मग ठरलं की कपाटं सगळ्यांसाठी खुली करायची. ज्यानं त्यानं आत जावं, चाळावं, निवडावं.

गुलमंडीवरच्या एक माई होत्या. जुन्या सभासद. कधी चिठ्ठी लिहिली नाही. "तूच दे एखादं बरंसं," म्हणायच्या आणि देईन ते घेऊन जायच्या. त्या दिवशी मी म्हटलं, "माई, आज तुम्ही स्वतः आत जा. हवं ते निवडा."

माई आत गेल्या. तासाभरानं बाहेर आल्या. हात रिकामे, चेहरा रागावलेला.

"काय झालं माई?"

"एवढी पुस्तकं हायेत व्हय आत? मला वाटायचं तुझ्याकडं धा-पंधराच असतील. तीच आलटून पालटून मला देती!"

*

मग फिरतं वाचनालय आलं. जुनीच गाडी, आत फळ्या ठोकलेल्या, वर भोंगा. दर गुरुवारी मी आणि गफूरभाई पडेगावच्या बाजूला जायचो. दौलताबाद रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, भोंगा वाजवायचा आणि वाट बघायची. पहिले दोन गुरुवार कुणीही आलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी माळावरून एक बाई पळत आल्या. ठकूबाई. खांद्यावर मेंढी.

"डागतर कुठाय?"

"मावशी, ही पुस्तकांची गाडी आहे. जनावरांच्या दवाखान्याची नाही."

"मंग भोंगा कशाला वाजिवला? मेंढरू खांद्यावर घालून पळत आले ना मी!"

त्या मेंढी खाली ठेवून धापा टाकत बसल्या. मेंढीनं एक पाय वर धरला होता. गफूरभाईंनी गाडीत शोधून मेंढीपालनाचं एक पातळ पुस्तक काढलं, पायाच्या दुखण्याचं पान दुमडलं आणि त्यांच्या हातात दिलं. "घर में कोई पढ़नेवाला है?"

"सून हाय नववी शिकल्याली."

पुढच्या गुरुवारी ठकूबाई पुस्तक घेऊन हजर. मेंढी बरी होती. मी खूश! विचारलं, "कसं वाटलं पुस्तक?"

"लिव्हलंय खरं. सुनेनं समदं वाचून दावलं. पण त्या पुस्तकातली मेंढी लई शहाणी हाय. म्हनं, मेंढीला शांत उभं करा, खुर धुवा, दवा लावा. अन् ती उभी राहती!" त्यांनी पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. "आमच्यासारखीचं असंल तर द्या एखादं."

*

सगळ्यात मोठी कुरबुर झाली ती अभ्यासिकेवरून.

समोरच्या हॉलमध्ये वर्तमानपत्रांचं लांब टेबल होतं. सकाळी म्हातारी मंडळी तिथं बसायची. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली वाढली, त्यांना बसायला जागा पुरेना. मंडळानं वर्तमानपत्रं मागच्या व्हरांड्यात हलवली आणि हॉल मुलांना दिला. व्हरांड्यात उन्हं यायची. म्हातारे एकेक करून यायचे बंद झाले. त्यांच्यातल्या कुणी तक्रारही केली नाही, आणि तेच मला लागलं.

निवृत्त शिक्षक भालेराव गुरुजी तेवढे येत राहिले. व्हरांड्यातून पेपर उचलायचे आणि हॉलमध्ये आपल्या जुन्या खुर्चीत, मुलांच्या मध्ये येऊन बसायचे. देशमुख सरांनी मला बजावलं, "त्यांना नियम समजावून सांगा."

मी गेले. शेजारी बसलेली हर्सूलची रेखा त्याच वेळी गुरुजींना कुजबुजत विचारत होती, "गुरुजी, अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी तुम्ही होता ना? मग लोकांची प्रतिक्रिया काय होती? अ, ब, क, ड असे चार पर्याय आहेत."

गुरुजींनी चष्मा सरकवून चारही पर्याय वाचले.

"मी सहा वर्षांचा होतो. शाळेला सुट्टी मिळाली म्हणून नाचत होतो. आहे का पर्यायात?"

सबंध हॉल हसला. मग रेखानं खरोखर विचारलं, की त्या दिवसांत घरात काय बोलायचे, शेजारी कोण होतं, कोण कुठं गेलं. गुरुजी हळू आवाजात सांगत राहिले. आजूबाजूच्या पोरांनी पुस्तकं मिटली. मी नियम न सांगताच परत आले.

महिन्याभरात असं झालं की गुरुजींना उशीर झाला, तर मुलं त्यांच्या खुर्चीवर दप्तर ठेवून जागा धरायची. देशमुख सरांनी एकदा विचारलं, "गुरुजी अजून तिथंच बसतात?"

म्हटलं, "सर, ते आता अभ्यासक्रमात आहेत."

*

एका दात्यांनी ई-पुस्तकं वाचायला टॅब दिला. आमचा नियम जुना: वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का. ते काम गफूरभाईंचं.

दुसऱ्या दिवशी मी टॅब उघडला. पुस्तकाच्या पहिल्या पानावर जांभळा गोल शिक्का, अगदी सरळ, सुबक. बोटानं पान सरकवलं. दुसऱ्या पानावर शिक्का. तिसऱ्या पानावर शिक्का.

"गफूरभाई!"

ते आले, बघितलं, आणि डोळे मोठे करून म्हणाले, "मैं तो एकच मारा था मॅडम. सगळ्या पानांवर उठला! क्या मशीन है!"

*

शेवटी बारकोडची कार्डं आली. फोटोसकट. प्रत्येक सभासदानं स्वतः येऊन फोटो काढून घ्यायचा, असं ठरलं. आम्ही हॉलच्या कोपऱ्यात स्टूल ठेवलं. मागं पांढरी चादर धरून गफूरभाई उभे राहायचे, समोरून मी मोबाईलवर फोटो काढायची.

कन्नडहून एक सोनवणे काका दर पंधरा दिवसांनी एसटीनं यायचे. शेतकरी माणूस, बोलणं मोजकं. कार्ड त्यांच्या बायकोच्या नावावर होतं, काशीबाई सोनवणे. "तिला आवड हाय," एवढंच म्हणायचे आणि दर खेपेला एक कादंबरी न्यायचे. बारा वर्षं तरी हे चाललं होतं. काशीबाईंना आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

फोटोसाठी त्यांना घेऊन या म्हटलं, तर काका टाळायला लागले. एकदा गुडघे दुखतात, एकदा कापूस वेचायला आलाय, एकदा घरी पाहुणे. मला शंका यायला लागली. शेवटी सांगून टाकलं, "काका, या महिन्यात आल्या नाहीत, तर कार्ड बंद होईल."

त्या आठवड्यातच दोघं आले. काशीबाई बारीक चणीच्या, हिरवं लुगडं, पायऱ्या चढून दमलेल्या. मी फॉर्म पुढं केला. त्यांनी अंगठा पुढं केला.

मी त्या अंगठ्याकडं पाहिलं, मग कार्डावरच्या कादंबऱ्यांच्या लांबलचक यादीकडं.

"मग वाचतं कोण?"

"हे वाचत्यात. मी ऐकते. रोज दुपारची जेवनं झाली की." काशीबाईंनी काकांच्या हातातल्या, परत करायला आणलेल्या कादंबरीकडं बोट केलं. "हे लई गोड हाय. ती पोरगी हिरीत पडली तवा मी म्हनलं, गेली. म्या ऐकायचंच बंद केलं. पन दुसऱ्या दिशी ह्यांनी पुढलं वाचलं, तर गड्यांनी दोर सोडून वर काढली तिला. जित्ती!"

ती कादंबरी मी वाचलेली होती. त्या मुलीला कुणीही वर काढत नाही.

मी काकांकडं पाहिलं. ते भिंतीवरच्या नियमांच्या पाटीकडं बघत होते.

काशीबाई स्टुलावर बसल्या. मी मोबाईल वर धरला, तेवढ्यात त्यांनी हात करून मला थांबवलं.

"मॅडम, येक इचारू? इतकी सालं झाली, इतकी पुस्तकं झाली. त्यात येकबी मानूस मेलं नाय. तुमच्या पुस्तकांत कुनीच मरत नाय व्हय?"

मी मोबाईल खाली घेतला. पाटी वाचणारे काका वळले नाहीत.

चादरीमागून गफूरभाई म्हणाले, "नाय बाई. हमारे इधर की किताबों में कोई नहीं मरता."

काशीबाईंनी मान हलवली. पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला आणि ताठ बसल्या.

"मंग काढा फोटू."