लांबून सरकवलेलं ताट

पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी मायला पुन्हा रक्त जाऊ लागलं. रीतीप्रमाणे ती तेवढे दिवस पडवीत वेगळी बसू लागली. "जवान होऊन राह्यली काय वो माय?" म्हणून मी हसले. ती लाजली. आठ महिन्यांनी आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर सांगितला. विषाणूमुळे होतो म्हणाल्या. मुलींना वेळेवर लस दिली तर बहुतेक टळतो. माय वाचली नाही.

काल इचोड्याला लेकीला ती लस टोचून आणली. दंड दुखतो म्हणाली, तर मी तिला जवळ घेऊन भरवलं. मायला काय दुखतं, ते मी कधी विचारलंच नाही. आग लागो त्या रीतीला, आणि माझ्या हसण्याला! आठ महिने मी तिचं ताट लांबून सरकवत होते.