पत्रात नसलेला यजमान

कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. गाडी दारात आली म्हणजे माल आला, असं मी मानत नाही. चलनावर एक आकडा, गाडीत दुसरा आणि रॅकवर तिसराच, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की मोजल्याशिवाय सही करत नाही. घरीही तसाच. बायको म्हणते, तुम्ही प्रार्थनेचीसुद्धा पोच मागाल.

त्यामुळे दौंडचा तो माणूस आमच्या वरच्या हॉलमध्ये शिकवायला येऊ लागला तेव्हा माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. हे आधीच सांगून टाकतो.

आमचं घराणं शिरूरचं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती. नोकरीमुळे मी शिक्रापूरच्या बाजूला, हायवेपासून थोडं आत घर बांधलं. खाली आम्ही, वर हॉल. आजूबाजूला भाड्याच्या खोल्यांच्या रांगा, आणि त्यांत कुठूनकुठून आलेले कामगार. त्यांतले काही जण प्रभूला मानू लागले होते, पण रविवारी पाळी असली की शिरूरच्या चर्चपर्यंत जाणं त्यांना जमत नसे. बायकोने त्यांना संध्याकाळी वर येऊन बसायला सांगितलं. अकरा जण जमू लागले. बीड-लातूरकडचे काही, झारखंडचं एक जोडपं, पॅकिंगला जाणारी एक बाई. अगदी नवीन मंडळी. त्यांना कुणीतरी शिकवावं म्हणून बायकोच्या मामांनी, म्हणजे दौंडच्या निवृत्त पाळकांनी, हा माणूस पाठवला. दौंडला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. आम्ही त्याला ब्रदर म्हणत असू.

ब्रदर यायचा, शिकवायचा आणि जायचा. एसटीचं भाडं घेत नसे. जेवायचं म्हटलं तर डबा आणलाय म्हणे. चहासुद्धा नको म्हणे. बायकोला याचं कौतुक. मला नाही. आमच्या धंद्यात जो सप्लायर पहिली खेप फुकट देतो त्याच्यावर आधी लक्ष ठेवायचं असतं.

शेजारचे आप्पाही माझ्यासारखेच. त्यांच्या वडिलांच्या हयातीपर्यंत घरात मेंढरं होती. आता आप्पांच्या पंधरा खोल्या भाड्याने आहेत आणि दिवसभर ते जिन्याच्या पायरीवर बसून कोण आलं, कोण गेलं हे बघतात. एकदा मला म्हणाले, "स्टोअरवाले, तुमचा त्यो दौंडचा च्याबी पीत न्हाई म्हंत्यात."

मी म्हटलं, "नाही पीत, आप्पा."

"मंग जपून ऱ्हावा. ज्याला कायबी नको असतं, त्याला लई मोठं कायतरी हवं असतं."

मी हसलो, पण मनातून मला ते पटलं होतं.

ब्रदरने शिकवायला घेतलं ते थेस्सलनीका नावाच्या शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला प्रेषिताने, म्हणजे येशूचा संदेश घेऊन गावोगाव फिरणाऱ्या दूताने, लिहिलेलं बायबलमधलं पहिलं पत्र. पण पत्र उघडायलाच त्याने कितीतरी रविवार लावले. म्हणे, आधी हे पत्र लिहावं का लागलं ते बघू. मग तो त्या शहराबद्दल सांगायचा. रोमच्या राज्याचा मोठा रस्ता शहरातून जायचा, शेजारी बंदर होतं. हमाल, कारागीर, व्यापारी, परमुलखातून पोटासाठी आलेली माणसं. गावोगाव फिरणारे वक्तेही भरपूर. चौकात भाषण ठोकायचं, लोकांकडून काढता येईल तेवढं काढायचं आणि पुढच्या गावाला जायचं. अशा शहरात प्रेषित आला, स्वतःच्या हातांनी काम करून राहिला, आणि थोडे लोक विश्वासात आले. मग बाजारातल्या रिकामटेकड्यांचा जमाव गोळा करून विरोधक, तो ज्याच्याकडे उतरला होता त्या यजमानाच्या घरावर चालून गेले. प्रेषित तिथे सापडला नाही. तेव्हा त्यांनी यजमानालाच अधिकाऱ्यांपुढे ओढून नेलं. जामीन घेऊन त्याला सोडलं आणि मंडळीने रातोरात प्रेषिताला गावाबाहेर पाठवलं. तो परत आला नाही. मागे राहिलेल्यांना गाव काय म्हणालं असेल? तुमचा गुरू पळाला, तुम्ही अडकलात. त्या कुजबुजीला उत्तर म्हणून हे पत्र.

सगळे माना डोलवायचे. मला मात्र ते सगळं फार आपल्या हायवेसारखं वाटायचं. ऐकणाऱ्याला आपलंच गाव दिसावं अशी गोष्ट सांगणारा माणूस मला विक्रेता वाटतो.

म्हणून मी घरी बायबल काढून पडताळा घेतला, आणि मला चूक सापडली. त्यातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात लिहिलं आहे की तो तिथल्या यहुद्यांच्या सभास्थानात तीन शब्बाथ, म्हणजे तीन शनिवार, बोलला. म्हणजे धरा तीन आठवडे. पण दुसऱ्या एका मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की मी थेस्सलनीकात असताना तुम्ही मला एकदा नव्हे, दोनदा मदत पाठवली. पायी चालायच्या त्या काळात, दूरच्या गावाहून, तीन आठवड्यांत दोनदा? शिवाय एवढ्यात काम मिळवून स्वतःच्या कमाईवर जगणं, आणि मंडळी उभी करणं? मी पुढच्या रविवारी सर्वांसमोर विचारलं.

ब्रदरने पुस्तकात ते पान काढून पाहिलं. मग म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. तीन शब्बाथ फक्त सभास्थानातले असतील. नंतर तो आणखी काही महिने राहिला असावा. पण किती, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

उत्तर प्रामाणिक होतं. तरी मी मनात त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं.

पत्राचे दोन अध्याय झाले असतील नसतील, तोच एका शनिवारी दुपारी चार माणसं दारात आली. ब्रदर कुठे आहे म्हणून विचारलं. तो दौंडला होता. मग मलाच म्हणाले, चला, जरा बोलायचंय. आवाज चढवला नाही, हात लावला नाही, गाडीचं दार उघडून धरलं. गावातल्या एका पुढाऱ्याच्या ऑफिसात नेलं. कुठलं गाव, कोण पुढारी, ते इथे लिहीत नाही. चहा आला. तुमच्या वरच्या हॉलमध्ये धर्मांतर चालतं अशी तक्रार आली आहे, असं सांगून पुढाऱ्याने दोन कलमं मांडली. दौंडचा माणूस पुन्हा इथे दिसता कामा नये आणि त्याची जबाबदारी माझी. दुसरं, वर जे लोक बसतात त्यांची नावं आणि खोल्या पुढच्या शनिवारपर्यंत सांगायच्या. लपवण्यासारखं नाही ना काही, मग सांगायला काय हरकत आहे?

पहिल्याला मी हो म्हणालो. दुसऱ्याला म्हणालो, बघतो.

घरी येऊन ब्रदरला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं. तुम्ही शब्द दिलाय, मी येत नाही." रविवारी आलेल्यांना पुढाऱ्याचं म्हणणं सांगून परत पाठवलं. नंतर ब्रदरचा फोन लागेना. सोमवारी लागला नाही, मंगळवारी लागला नाही. एवढ्या सहज? ना वाद, ना विचारपूस. पुढाऱ्याचा मला जेवढा राग आला नव्हता तेवढा या माणसाचा आला.

बुधवारी पाळी सुटल्यावर वर बसणाऱ्यांतले काही जण घरी आले. झारखंडचा तो पोरगेलासा वेल्डर म्हणाला, "अंकल, वो तो निकल लिया. फँसे हम." पॅकिंगला जाणारी बाई मात्र नीट बोलली. तिचा खोलीमालक त्या पुढाऱ्याचा मेहुणा होता.

"काका, माझं नाव तिथं गेलं तर माझी खोली जाईल. पोरीची शाळा इथं आहे. तुम्ही सांगणार का?"

मी म्हटलं, विचार करतोय. आणि खरोखरच करत होतो. माझा स्वभाव असा की कुणी विचारलं तर पूर्ण माहिती द्यावी, अर्धवट देऊ नये. मनात दुसरंही होतं. हे अकरा जण तरी कशासाठी येतात, मला काय ठाऊक? ब्रदरने त्यांना काय कबूल केलं होतं? तो खोटा निघाला तर त्याच्यासाठी मी पुढाऱ्याशी वैर का घ्यावं? आपण नावं सांगावीत आणि हॉलला कुलूप लावावं, असा माझा कल होत होता. फक्त त्याआधी दौंडला जाऊन त्या माणसाला समोर उभं करायचं होतं.

गुरुवारी सुट्टी टाकली. न्हावरा, चौफुला करत दौंडला पोचेपर्यंत मी त्याच्याविरुद्धची एकेक बाब मनात मांडत होतो. एसटीत ते पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं, एका दमात. त्या पत्रातच ब्रदरला पकडायचं होतं. वाचता वाचता सवयीने नावं मोजली. लिहिणारे तिघे. त्यांची नावं आहेत. थेस्सलनीकाच्या माणसांची नावं शून्य. पुन्हा पाहिलं. शून्य. ज्याच्या घरावर जमाव आला, ज्याने जामीन दिला, त्या यजमानाचंसुद्धा नाव नाही. आभाराची एक ओळ नाही. मला वाटलं, सापडलं. त्या काळापासून हे शिकवणारे असेच.

वाइंडिंगचं दुकान बंद होतं. शेजारचा म्हणाला, कुरकुंभला मोटार उतरवायला गेलाय, येईल संध्याकाळी. मग मी रेल्वे क्वार्टर्समागे मामांकडे गेलो. आमच्या रीतीप्रमाणे सलाम केला, बसलो आणि पाणी प्यायच्या आधीच माझी तक्रार मांडली. मामा वयाने थकलेत, पण वाचन सुटलेलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मी म्हटलं, "मामा, यजमानाने एवढं सोसलं, आणि पत्रात त्याचं नावही नाही. हा कृतघ्नपणा नाही का?"

"नाव का नाही, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, जावईबापू. मी सांगतो तो माझा अंदाज. त्या पत्राच्या शेवटी काय बजावलंय?"

मी नुकतंच वाचलं होतं. हे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवा.

"वाचून दाखवा, म्हणजे मोठ्याने. भरल्या घरात. खिडकीबाहेर कोण उभं आहे ते माहीत नाही. जमाव येऊन गेलाय, अधिकाऱ्यांनी जामीन घेतलाय. अशा कागदावर तुम्ही कुणाचं नाव घालाल?"

मामा म्हणाले, यजमानाचं नाव आलंच नाही असं नाही. ते ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये आहे, पण तो ग्रंथ बऱ्याच वर्षांनी लिहिला गेला. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्यासारख्याला पटण्यासारखी होती. त्या ग्रंथात शहराच्या अधिकाऱ्यांसाठी एक वेगळाच शब्द वापरलाय. तो दुसरीकडे फारसा सापडेना, म्हणून विद्वान शंका घेत. मग त्याच शहराच्या जुन्या वेशीच्या कमानीवर तोच शब्द कोरलेला सापडला. दगडावरची नोंद. मला बरं वाटलं. पण माझा प्रश्न दगडाचा नव्हता.

"आणि हा आपला ब्रदर? फोन बंद करून बसला."

मामा हसले. "जुना नंबर बंद केलाय. पुढाऱ्याच्या माणसांनी फोन मागितला तर त्यात तुम्ही सगळे आहात, म्हणून. रोज संध्याकाळी इथे येतो, तुम्ही बसलाय त्याच खुर्चीवर बसतो आणि एकच विचारतो, वरच्या मजल्यावरचे विश्वासात टिकून उभे आहेत का. नाव एकाचंही घेत नाही. मी म्हटलं, जाऊन भेट. तर म्हणे, त्यांनी माझ्याबद्दल शब्द दिलाय, मी गेलो तर खोटे ते पडतील."

"मला का नाही कळवलं?"

"कळवलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असता?"

खरं सांगायचं तर नसता ठेवला. तेव्हाही पुरता ठेवला नाही. मामा त्याचेच, ते त्याची बाजू घेणार, हेही मनात येऊन गेलं. ब्रदरला भेटायला मात्र मी थांबलो नाही. जे त्याला विचारायचं होतं ते आता स्वतःलाच विचारायचं होतं.

शनिवारी मी स्वतःहून त्या ऑफिसात गेलो. तीच माणसं होती, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत आमचे आप्पा. तक्रार कुणी केली ते आता कळलं, असं मनाशी म्हणालो.

पुढारी म्हणाला, "आणली का नावं?"

मी म्हटलं, "दौंडचा माणूस आलेला नाही आणि येणार नाही. तो शब्द मी पाळतोय. वर अकरा माणसं बसतात. पुस्तक वाचतात, गाणी म्हणतात, साडेआठला जातात. बारावा मी. घर माझं आहे, माझं नाव लिहून घ्या."

"तुमचं नाव आहेच आमच्याकडं. बाकीच्यांचं बोला."

"बाकीची मी सांगणार नाही."

पंखा फिरत होता. मग आप्पा खुर्चीतून म्हणाले, "आवो, ह्यो मानूस पावतीबिगर खिळा बी सोडत न्हाई. नाव काय सोडतोय ह्यो? ऱ्हाऊ द्या आता." पुढारी हसला नाही. म्हणाला, लक्ष आहे आमचं. मी म्हटलं, असू द्या.

बाहेर येऊन मी गाडी सुरू केली. आप्पा मागून आले आणि माझ्या गाडीवर मागे बसले. तक्रार त्यांनीच केली होती की ती मिटवायला ते तिथे बसले होते, हे मी वाटभर विचारायचं ठरवत होतो. विचारलं नाही. आजही मला ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी हॉल उघडला. नऊ जण आले. झारखंडचं जोडपं आलं नाही. त्यांनी खोली बदलल्याचं मागाहून कळलं. पॅकिंगला जाणारी बाई आली, मुलीला घेऊन. शिकवायला कुणी नव्हतं म्हणून तिसऱ्या अध्यायापासून मीच वाचायला घेतलं. मला शिकवता येत नाही. फक्त वाचता येतं, हळू आणि स्पष्ट.

खिडकी उघडी होती. पलीकडच्या जिन्यावरून आप्पांचा आवाज आला, "आज कोन सांगतंय?"

"मीच, आप्पा."

"मंग झोपत्याल समदी."

कुणीतरी हसलं. मी खिडकी लावायला उठलो, झडपेला हात लावला, आणि ती तशीच उघडी ठेवून जागेवर येऊन बसलो. पत्र शेवटपर्यंत वाचलं. त्यात बाहेर ऐकू जाऊ नये असं एकही नाव नव्हतं.