पडाव म्हणा की

रत्नागिरीला तेव्हा मुंबईची आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात थांबायची आणि उतारू पडावात उतरून बंदरावर जायचे. एकदा कठड्याशी उभ्या असलेल्या सुटातल्या तरुणाने खलाशाला विचारलं, "आपल्याला किनाऱ्यावर नेणारी ती छोटी होडी कधी येणार?"

"पडाव म्हणा की," खलाशी म्हणाला.

तरुण ओशाळून हसला. "पडाव, पडाव," असं पुटपुटत शेजारी उभ्या माझ्याकडे वळला. "माझी विलायतेतली नोकरी हीच आहे बघा."

तो तिकडे गणितं करणाऱ्या यंत्रावर कामाला होता. पूर्वी दशांश अपूर्णांकातलं टिंब सरकवायला यंत्राला ढीगभर हुकूम द्यावे लागत. नव्या यंत्राला ते एका हुकमात जमतं. हे सांगताना त्याचा अंगठा कठड्यावर टिंबासारखा पुढेमागे सरकत होता.

"पण आमची गणितं यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी जुना. तोही यंत्रातच असतो. नवा हुकूम त्याला ठाऊक नाही, म्हणून बिचारा लांबचा वळसा घेतो, मघाशी मी पडावासाठी घेतला तसा. त्याला शिकवतोय."

मी आंब्याच्या दलालीतला माणूस, मला निम्मंच कळलं. पण त्या 'बिचारा'त माया होती.

पडावात तो ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत बसला. "आईशी काय बोलायचं ते मुंबईपासून जुळवतोय," एवढंच म्हणाला. "फार वर्षं झाली."

बंदरावर एक म्हातारी कपाळावर हात आडवा धरून पडावाकडे बघत उभी होती. तो तिच्यासमोर गेला, घसा खाकरला.

"आये," तो म्हणाला. पुढचं काही आलंच नाही.

म्हातारीने त्याच्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली.