साखर तिला नव्हती

बायकोच्या तेराव्याला आलेला जो तो मला म्हणत होता, "तुम्ही रोज फिरवून आणलंत, म्हणून तर साखरेचा आजार घेऊनही बाई एवढी जगली." मी नुसते हात जोडत राहिलो. मुलांना, नातवंडांनाही हेच ठाऊक आहे. खरं असं आहे की साखर तिला कधीच नव्हती. मला होती.

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेला गोडादऱ्यात राहत होतो. मी लूमच्या कारखान्यात कारागीर. एकदा मशीनवर चक्कर आली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळी दिली आणि रोज चालायला सांगितलं.

"साहेब, दिवसभर मशीनींच्या मधून फिरतच असतो की," मी म्हणालो.

ते हसले. "ते उभं राहणं झालं, भाई. दोन पावलं टाकायची आणि थांबायचं. जेवण झाल्यावर सलग चाला, अंगाला घाम फुटेल असं."

मला धास्ती वेगळीच होती. शेठला कळलं तर माझ्याकडच्या मशीनी काढून घेईल, म्हणजे कामच गेलं. आणि दिवसपाळी करून आलेला माणूस बिनकामाचा रोज चालायला लागला, तर गल्ली विचारणारच.

"मग मला झालीय म्हणून सांगू," बायको भाकरी थापताना म्हणाली. "आजारी बाईला नवरा फिरवतो, त्यात काय?"

मी लगेच हो म्हटलं. थोडं थांबायला हवं होतं.

दिवस मावळताना जेवून आम्ही खाडीच्या रस्त्यानं निघायचो. पानाच्या टपरीवरची आमची खानदेशी मंडळी, कुठे चाललास, बायकोचा ड्रायव्हर झालास का, अशी अहिराणीत हाक मारायची, "कथा चालना भो? बायकोना ड्रायव्हर व्हयना का?" ती पदराआड हसायची आणि जरा पुढे गेलं की मलाच दामटायची. "हात हलवा. देवळात आल्यासारखे काय चालता?" महिना-दोन महिन्यांत चक्कर गेली, साखर उतरली. डॉक्टर खूश झाले.

तिचं मात्र सगळं गोडधोड सुटलं. शेजारणी तिला बिनसाखरेचा चहा द्यायच्या, हळदीकुंकवाला तिच्या हातातला लाडू मायेनं काढून घ्यायच्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याच गल्लीत राहणारी माझी मोठी वहिनी खापरावरच्या पुरणपोळ्या करायची. बायकोच्या ताटात तेव्हाही भाकरीच असायची. पुरुषांच्या पंगतीत माझ्या ताटात मात्र पोळी पडायची, आणि नको म्हटलं तर संशय येईल म्हणून मी खायचो.

एका आखाजीला मी अर्धी पोळी रुमालात लपवली आणि खाडीच्या रस्त्यावर तिच्या हातात दिली. तिनं रस्त्याकडेच्या भिंतीकडे तोंड करून खाल्ली, बोटांचं तूपही चाटलं. "वहिनींनी वेलची जास्तच घातलीय," म्हणाली आणि हसली. इतकी खूश मी तिला फार दिवसांनी पाहत होतो.

गल्लीतल्या कुणीतरी तिला खाताना पाहिलं. आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. वहिनी आमच्या दारातच उभी होती.

"जीभ आवरत नाही का गं तुला? तो बिचारा दिवसभर मशीनवर उभा राहून परत तुझ्यासाठी पाय झिजवतो, अन् तू चोरून पोळ्या खाती? मरायचंय का?"

सगळी गल्ली ऐकत होती. बायको खाली मान घालून उभी. पोळी मीच दिली, साखर मला आहे, एवढंच बोलायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण शेजारच्या ओट्यावर आमच्या कारखान्याचा मास्तर, म्हणजे आमच्यावरचा मुकादम, बसला होता. त्यानं ऐकलं असतं तर सकाळी शेठच्या कानावर गेलं असतं. मी रुमाल खिशात कोंबला. कुणीतरी म्हणालं, "बिचाऱ्याच्या नशिबी काय आलंय." तेही मी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं तरी मी उठेना. गल्लीतून तिच्यासोबत जायचं तोंडच नव्हतं मला. तिनं भांडी आवरली, चपला घातल्या, ओट्यावर गेली आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, चला ना. मला फिरवून आणा. काल माझंच चुकलं."

मी बाहेर आलो. ती पुढे निघाली होती.