ज्योतीनं सांगितलेला शेवट

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि विषय तरी काय — एका कादंबरीचा शेवट! तुम्ही हसाल. हसा.

नेरजवळच्या एका शाळेत मी आणि ज्योती शिकवायचो. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बंजारा तांड्यावरून शिकून आलेली. राजे, किल्ले, जादू — अशा एका लांबलचक कादंबरीनं आम्हा दोघींना झपाटलं होतं. पाच भाग आले, सहावा आणि शेवटचा काही येईना. मग शेवट आम्हीच लावायचो — एसटीत, डबा खाताना, वाचकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथं माझा शब्द चालायचा. धाकटा राजपुत्र जिवंत आहे, गादी त्याचीच — हे मी कित्येक वर्षं सगळ्यांना पटवत आले होते.

एक दिवस ज्योतीनं लिहिलं — गादी कोणालाच मिळणार नाही. प्रत्येक भागात कोणीतरी बैलांवर मीठ लादून वाटेनं जातं, आपण तिकडे बघतही नाही. शेवटी तेच लोक थांबतील. मीठ थांबलं की सैन्यंही थांबतील. 'माझी याडी, म्हणजे आई, सांगायची — आपले लोक मिठाचे बैल घेऊन निघाले नाहीत, तर राजाचंही जेवण अळणी.'

ग्रुप वेडा झाला. मीही वाचलं — आणि कळलं, हाच शेवट खरा. मला पाच भागांत ते बैल दिसलेच नव्हते. आनंद व्हायला हवा होता ना?

मुलीच्या जुन्या सिमवर मी दुसऱ्या नावानं त्याच ग्रुपात होते — राजपुत्राच्या बाजूनं एक मत जास्त पडावं म्हणून. हो, इतकी क्षुद्र. त्या नंबरवरून लिहिलं — 'तांड्यावरच्या बाईला बैलच दिसणार.'

एवढंच. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

दुसऱ्या दिवशी एसटीत तिनं फोन माझ्यापुढे धरला. "ताई, हा कोन असन? म्या याचं काय बिघडवलं?"

"असन कोनी तिकडं पुण्याकडचा. तू कायले मनावर घेतं वं?"

तिनं ग्रुप सोडला. मग वाचणंही. वर्गात पोरांना रंगवून गोष्टी सांगायची — तेही बंद झालं. मी रोज तिच्या शेजारी बसत होते. सांगावंसं वाटलं, पण — नाही, तेही खोटं. कधीच वाटलं नाही. भीती तेवढी वाटली.

पुढं तिची बदली मुकुटबनकडे झाली. निरोपाच्या दिवशी गळ्यात पडून म्हणाली, "ताई, त्या वक्ती तुमीच एकट्या माह्या बाजूनं होत्या."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे वं," म्हणाले.

शेवटचा भाग अजून आलेला नाही. येईल असं आता कोणी म्हणतही नाही.

ती ओळ मी लिहिली होती. ज्योतीला ते माहीत नाही, आणि मी तिला सांगणार नाही.