अनोळखी कंपनीचा पॉवर सप्लाय

विठ्ठलवाडीचा तो कॉम्प्युटरवाला प्रत्येक वाक्य ‘टेन्शन नाय’ म्हणून संपवायचा. माझ्या बायकोचं टायपिंगचं काम ज्यावर चालायचं, त्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जळाला, तेव्हा त्यानं कधी न ऐकलेल्या कंपनीचा स्वस्तातला बसवला.

“टिकेल ना हो?” मी विचारलं.

“बिनधास्त वापरा. टेन्शन नाय.”

मग दर रविवारी तो आमच्या डोंबिवलीच्या घरी यायला लागला. “सहज आलेलो,” म्हणायचा, चहा प्यायचा आणि निघताना कॉम्प्युटरमागे नाक नेऊन वास घ्यायचा. ही काळजी होती की भीती, मला कळेना.

एकदा व्होल्टेज वाढून बिल्डिंगमधले टीव्ही, फ्रिज उडाले. कळताच तो धावत आला. आमचा कॉम्प्युटर सुरू होता.

“चालतोय?” तो माझ्याहून चकित होऊन म्हणाला, “काय सांगता!”