साड्यांच्या कपाटातली पानवेल

"फ्रिज बंद, पंखा बंद, कूलर बंद. आता काय करून ठेवलं जी तुम्ही?"

बायको स्वयंपाकघरातून ओरडत होती आणि मी तिच्या साड्यांच्या कपाटात कमरेपर्यंत घुसलेला होतो. बाहेर नागपूरचा मे महिना. म्हणजे असा मे, की गच्चीवरचा टॉवेल दोरीवरून काढताना पापडासारखा मोडतो, आणि आमच्या नंदनवन कॉलनीतली कुत्री विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक, उंचीप्रमाणे रांग लावतात. त्यात कूलर बंद.

"लाइन गेली असंल," मी कपाटातूनच म्हणालो.

"शेजारच्यांचा टीव्ही सुरू आहे. आपलीच काहून गेली?"

याला उत्तर होतं, पण ते माझ्या हातात होतं आणि अजून चटके देत होतं. लग्नाच्या मांडवात लावतात तो हॅलोजन. माझ्या एका मित्राचं डेकोरेशनचं काम आहे, त्याच्याकडून मागून आणलेला. ज्या दिव्याखाली नवरदेवाचा मेकअप वितळतो, तो दिवा मी एका वीतभर रोपावर रोखून बटण दाबलं होतं. फट्ट झालं आणि सगळं घर गप्प झालं.

रोप सासूबाईंचं होतं. उमरेडकडच्या त्यांच्या गावी विहिरीला लागून पानवेल होती. जेवण झालं की सासूबाई हात धुवायला विहिरीवर जायच्या आणि येताना एक पान तोडून आणायच्या. मग कोळशाच्या खाणीत गाव गेलं, विहीर गेली, वेलही गेली. लोकांना नवीन प्लॉट मिळाले. तिथे घरं उभी राहिली, पण सावली म्हणावी तर फक्त पाण्याच्या टाकीची. पहिल्याच उन्हाळ्यात कुंडीतली वेल करपायला लागली, तेव्हा त्यांनी तिचा उरलेला एक फुटवा ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "पाणी पडेपर्यंत सांभाळा, जावईबापू. दुसरा नाही माह्याजवळ." गाव सुटल्यापासून त्यांनी पान खाणंच सोडलं होतं. पानठेल्यावरचं पान त्या तोंडात धरत नसत. म्हणत, त्याला फ्रिजचा वास येतो.

मी छाती फुगवून हो म्हणालो. आमचं घर वरच्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून. बाल्कनीत मनीप्लांटसुद्धा दुपारी 'आत घ्या' म्हणून दार वाजवतो. घरात थंड अशी एकच जागा, आतल्या भिंतीतलं कपाट. साड्या दिवाणवर आल्या, वेल कपाटात गेली, तिथल्या अंधारात तिला उजेड हवा म्हणून हॅलोजन आला, आणि त्या दिवसापासून बायको माझ्याशी कमी आणि साड्यांशी जास्त बोलायला लागली.

वायरमन आला. बोर्ड उघडून हुंगला.

"लोड किती टाकला, काकाजी?"

"लोड कशाचा गा, मी मजेत आहो."

"तुमचा नाही. लाइनीचा." मग त्याला हॅलोजन दिसला. "हा तर मांडवातला हाय. कपाटात लग्न कोणाचं हाय?"

बायको म्हणाली, "त्यांच्या सासूचं." आणि चहा ठेवायला निघून गेली.

त्याने कपाटासाठी वेगळी वायर ओढली. मी पांढऱ्या उजेडाची एक एलईडी ट्यूब आणली आणि वेलीपासून हातभर उंच टांगली. सकाळी लागायची, संध्याकाळी आपोआप विझायची. रात्री वेलीलाही डोळा लागला पाहिजे. बोर्ड कपाटाच्या पार वरच्या कोपऱ्यात ठोकला, पाणी खाली. दोघांची भेटच होऊ नये. काही घरांत सासूसून अशाच वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवतात.

उजेड झाला, लाइन झाली. राहिली हवा. आणि हवेच्या बाबतीत मी कोणाचं ऐकणारा माणूस नाही, कारण उभ्या नागपुरात कूलरवर माझ्याइतकं भाषण कोणी दिलेलं नाही. कूलर लावायचा तर समोरची खिडकी उघडी पाहिजे. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल, तर तो कूलर नाही, वाफेचा डबा. हे मी पाहुण्यांना सांगितलं आहे, भाडेकरूंना सांगितलं आहे. एका साखरपुड्यात तर भटजींना मंत्र थांबवायला लावून हॉलच्या खिडक्या उघडल्या आहेत. आमच्या गल्लीत माझी चाहूल लागली की लोक आपणहून खिडक्या उघडतात.

तर हा मी. मी छोटा टेबल कूलर आणला, कपाटात वेलीशेजारी ठेवला, सुरू केला, आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दोन्ही दारं गच्च लावून घेतली. फटींना चिकटपट्टी लावली. आतून असा गार गार आवाज येत होता की मला वाटलं, आता वेलीवर दव पडेल. रविवारी सासूबाईंचा फोन आला.

"वेल कशी हाय?"

"एक नंबर. पानं पाहाल तर हत्तीच्या कानासारखी."

त्यांनी फोन ठेवला. हत्ती त्यांनी पाहिलेला होता.

आठवडाभराने बायकोने चिकटपट्टी ओढून दार उघडलं. पहिले वास आला, ओल्या पोत्याचा. मग कपाटाच्या छतावरून टपटप पाणी. मातीवर पांढरी बुरशी, जशी शिळ्या पोळीवर येते. पानं काळी पडून गळाली होती. देठाला दोन उरली होती, तीही मान टाकून.

हत्तीचे कान मी सांगून बसलो होतो ते सोडा. दुसरा फुटवा जगात कुठेच नव्हता. विहीरच नव्हती तर जाऊन आणायचा कुठून?

बायको कमरेवर हात ठेवून कपाटाकडे पाहत राहिली. मग अगदी माझ्या आवाजात, माझ्यासारखं बोट नाचवत म्हणाली, "बाबू, कूलर लावायचा तर समोरची खिडकी उघडी पाहिजे. नाही तर तो कूलर नाही, वाफेचा डबा."

"माहीत आहे मले," मी म्हणालो.

"सगळ्या गल्लीले माहीत आहे. कपाटालेच सांगायचं राहिलं."

टेबल कूलर बाहेर काढला. बुरशीची माती वरवर खरवडून टाकली. दारांना खालच्या बाजूला भोकं पाडली, हवा आत यायला. वर बंद पडलेल्या कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे बसवले, गरम हवा बाहेर ओढायला. खोलीची खिडकी बोटभर उघडी. ओलावा राहावा म्हणून कुंडीखाली खडी आणि पाण्याचं ताट. पंख्यांसाठी एक छोटा इन्व्हर्टर आणला, म्हणजे लाइन गेली तरी वेल गुदमरणार नाही. आम्ही गुदमरलो तर चालेल. मग रोज दार उघडून पाहायचं आणि काही न बोलता लावायचं. मी इतका गप्प झालो की शेजारी बायकोला विचारून गेले, हे बाहेरगावी गेले आहेत का.

एका सकाळी देठाच्या टोकाला पोपटी टोक दिसलं. मी खाली फरशीवरच बसलो. बायकोने वाकून पाहिलं, पंख्याजवळ हात नेऊन हवा बाहेर येते का ते तपासलं, आणि दिवाणवरची एक साडी उचलून वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. म्हणजे कपाट आता वेलीचं. इतकं मोकळं मला नोकरी कायम झाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

चांगला पाऊस पडल्यावर सासूबाई उमरेडच्या एसटीने आल्या. वेल तोवर वरच्या फळीला लागली होती. मी दार उघडलं आणि सुरू झालो: हवा खालून कशी येते, वरून कशी जाते, उजेड किती, अंतर किती, लोड किती. हॅलोजन गाळला. टेबल कूलरही गाळला. बायकोने खोकून दोन्ही ठिकाणी खूण केली.

सासूबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी माती दाबून पाहिली. देठ खालपासून वरपर्यंत बोटांनी चाचपला. मग खालचं एक पान तोडलं, देठाजवळ मोडून नाकाशी धरलं.

"आई," बायकोने हळूच विचारलं, "आपल्या विहिरीवरचंच आहे ना वं?"

सासूबाईंनी पान पदराला पुसलं, उभं दुमडलं.

"घरात चुना हाय का?" त्या म्हणाल्या.